केबिन क्रूच्या मुलाखतीची तयारी करून घेणारा वर्ग: सहा आठवडे, ३३,०४० रुपये आणि त्यातून काय मिळते

पुण्यातील एका खासगी प्रशिक्षण संस्थेचा केबिन क्रूच्या, म्हणजे विमानात प्रवाशांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या, मुलाखत-तयारीचा सहा आठवड्यांचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. शुल्क अठ्ठावीस हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३३,०४० रुपये. संस्थेचे नाव येथे देत नाही. पुणे, ठाणे, नाशिक किंवा नागपूर, कोठेही गेलात तरी या वर्गांचा साचा थोड्याफार फरकाने सारखाच असतो, आणि नावापेक्षा त्या साच्यातील कोणत्या भागाला पैसे मोजण्यासारखे आहेत हे वाचकांच्या अधिक उपयोगाचे ठरेल. माझे मत आधीच सांगते. शेवटच्या दोन आठवड्यांतील मॉक, म्हणजे सरावाच्या, मुलाखती उत्तम होत्या आणि बहुतेक शुल्क तेथेच वसूल झाले. ग्रूमिंगचा, म्हणजे केस, पेहराव आणि प्रसाधनाचा, भाग बरा होता, सुरक्षिततेचा भाग जवळजवळ नव्हताच, आणि प्लेसमेंट, म्हणजे नोकरी मिळवून देणे, या शब्दाखाली जे काही सांगितले गेले त्यावर विसंबून कोणीही प्रवेश घेऊ नये.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण परीक्षण वाचताना ती लक्षात घ्यावी लागेल. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण कराडला मराठी माध्यमातून झाले आणि पदवीनंतर मी पुण्यातील एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला नोकरी करत होते. त्यामुळे ग्राहकांशी बोलण्याची सवय होती. विमान कंपनीच्या वॉक-इनमध्ये, म्हणजे जाहीर केलेल्या दिवशी थेट जाऊन द्यायच्या मुलाखतीत, नेमके काय पाहिले जाते याची मात्र काहीच कल्पना नव्हती.

प्रवेशापूर्वी समुपदेशनाचा एक तास असतो. भिंतीवर दुबई आणि पॅरिसची छायाचित्रे असतात, टेबलावर विमानाची छोटी प्रतिकृती असते, आणि समोर बसलेली व्यक्ती समुपदेशक म्हणवत असली तरी तिचे काम प्रवेश मिळवणे हेच असते. या तासात माझे शिक्षण, वय, घरची परिस्थिती, हप्त्यांची सोय असे सगळे विचारले गेले. उंची मात्र कोणी मोजली नाही. ती मोजली गेली दुसऱ्या आठवड्यात, जेव्हा प्रशिक्षिकेने भिंतीला टेप लावून सर्वांना अनवाणी उभे केले. आमच्या बॅचमधील एका मुलीची उंची १५२ सेंटिमीटर भरली. समुपदेशकाने तिला "उंचीचे काय, हील्समध्ये निघून जाते," असे सांगून पूर्ण शुल्क भरून घेतले होते. विमान कंपन्या उंची अनवाणीच मोजतात, आणि देशातील मोठ्या कंपन्यांच्या अलीकडच्या जाहिरातींत मुलींसाठी किमान उंची साधारणपणे १५५ सेंटिमीटर असते. तीन सेंटिमीटर ही काही प्रशिक्षणाने भरून निघणारी तूट नव्हे. तिने शुल्क परत मागितले तेव्हा तिला प्रवेश-अर्जाच्या मागील बाजूस बारीक टंकात छापलेली ना-परतावा अट दाखवण्यात आली. माझी या वर्गाविषयीची सर्वांत मोठी तक्रार हीच आहे, आणि ती माझ्या स्वतःच्या पैशांविषयीची नाही. ज्या गोष्टीचा निकाल दोन मिनिटांत टेपने लागतो, ती शुल्क घेण्याआधी न तपासणे ही विसरभोळेपणाची बाब वाटत नाही.

म्हणून पात्रतेची तपासणी वर्गावर न सोपवता घरीच करावी. नवोदितांसाठी वयोमर्यादा बहुधा १८ ते २७ वर्षे, किमान शिक्षण बारावी, वैध भारतीय पासपोर्ट, आणि गणवेश घातल्यावर दिसेल असा टॅटू नसणे, या अटी जवळपास सर्वत्र आढळतात. एअर इंडियाच्या जाहिरातींत मुलींसाठी बीएमआय १८ ते २२ असा दिलेला असतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या मुलीच्या बाबतीत त्याचा अर्थ वजन साधारण ४६ ते ५६ किलोच्या दरम्यान असावे असा होतो. हे गणित कोणालाही करता येते: किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. पासपोर्टचे काम शेवटच्या क्षणापर्यंत लांबवणाऱ्या बऱ्याच जणी आमच्यात होत्या. वॉक-इनच्या दिवशी "अर्ज केला आहे" या उत्तराला काही किंमत नसते, हे प्रशिक्षिकेने पहिल्याच दिवशी स्पष्ट केले, आणि त्याबद्दल तिला श्रेय द्यायला हवे.

ग्रूमिंगला पहिले दोन आठवडे दिले होते. त्यातील केसांचा भाग खरोखर उपयोगी होता. बन बांधणे दिसायला सोपे असते. पण जेल लावून कपाळावरचे बारीक केस बसवायचे, पोनी मध्यम उंचीवर घट्ट बांधायची, ती गुंडाळून त्यावर जाळी चढवायची आणि यू-पिना बाहेरून न दिसतील अशा आतल्या बाजूने खोचायच्या, हे हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही. सकाळी आठच्या वॉक-इनला मुंबईत पोहोचायचे तर पुण्याहून पहाटेच निघावे लागते, आणि तो बन प्रवासभर व नंतर रांगेत तासन्‌तास टिकावा लागतो. प्रशिक्षिका बन बांधून झाल्यावर आम्हाला मान जोराने हलवायला सांगत असे. एक जरी पिन खाली पडली तरी सगळे पुन्हा. नखे, लिपस्टिकची छटा, स्टॉकिंग्ज, घड्याळ, इस्त्री याविषयी जे सांगितले गेले ते मात्र आज मोबाइलवर फुकट मिळते. त्यासाठी एवढे दिवस खर्च करण्याचे कारण मला समजले नाही. शिवाय संस्थेच्या डोक्यात केबिन क्रूचे एकच चित्र पक्के बसलेले आहे: गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट, उंच टाचांचे बूट, लाल ओठ. २०२२ मध्ये सेवा सुरू करणाऱ्या अकासा एअरने आपल्या क्रूला ट्राउझर्स आणि स्नीकर्स दिले. दुसरीकडे एअर इंडियाने २०२३ च्या अखेरीस मनीष मल्होत्रा यांच्याकडून नवा गणवेश करून घेताना साडी कायम ठेवली. उमेदवाराने ज्या कंपनीच्या मुलाखतीला जायचे तिची शैली आधी पाहावी, एवढी साधी गोष्ट वर्गात कोणी बोलले नाही.

भाषेचा भाग याहून गुंतागुंतीचा होता आणि त्याविषयी माझे मत दुभंगलेले आहे. वर्गात रोज एक शब्द ऐकू येत असे: एमटीआय, म्हणजे बोलण्यावर पडणारी मातृभाषेची छाप. इंग्रजी शिकवणारे सर उच्चारांच्या बाबतीत दक्ष होते. 'फ्लाइट'मधला फ आपण मराठी बोलणारे बऱ्याचदा दोन्ही ओठ मिटून काढतो. सर खालच्या ओठाला वरचे दात टेकवायला लावून प्रत्येकीकडून 'फर्स्ट एड', 'फायर', 'फ्लोअर लाइट' असे शब्द वदवून घेत. 'बिझनेस'मधला झ, 'व्हेज' आणि 'वॉटर' यांतील व-चा फरक, यांवरही त्यांनी मेहनत घेतली. या सरावाचा परिणाम मला स्वतःच्या बोलण्यात जाणवला. मात्र उच्चारांवरून पुढे जाऊन सरांनी परदेशी ढब आणायचा आग्रह धरला, तेथे गाडी घसरली. बारामतीची मुलगी अमेरिकन धाटणीने बोलू लागली की तिचे अर्धे लक्ष ढब सांभाळण्यातच जाते आणि वाक्य मध्येच तुटते. मुलाखत घेणाऱ्याला स्पष्ट, सावकाश आणि न अडखळता बोललेले इंग्रजी हवे असते. ते कोणत्या गावच्या पाण्याचे आहे याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते.

हिंदीकडे तर पूर्ण दुर्लक्ष झाले. देशांतर्गत विमानात उद्घोषणा इंग्रजी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत होतात आणि प्रत्यक्ष मुलाखतीत मला दोन्ही भाषांतील मजकूर मोठ्याने वाचायला दिला गेला. आपली समजूत अशी असते की हिंदी तर येतेच. प्रत्यक्षात पुण्या-मुंबईकडील हिंदीत 'मेरे को' आणि 'तुम्हारे को' इतके मुरलेले असते की ते बोलणारीच्या लक्षातही येत नाही. आणि मराठीतील आदराच्या 'तुम्ही'च्या सवयीने वयस्कर प्रवाशाला 'तुम बैठो' म्हणणारी मुलगी उद्धट ठरते, जरी तिच्या मनात पूर्ण आदर असला तरी. माझ्या शेजारी बसलेल्या उमेदवाराच्या तोंडून नेमके हेच निघाले आणि समोरच्या अधिकाऱ्याने भुवई उंचावली. एवढ्या मोठ्या वर्गात हिंदीसाठी दोन तास काढता आले असते.

याच भागात स्वतःची ओळख करून देण्याचा ठरावीक मजकूर दिला गेला, आणि तो मी कोणालाही वापरू नका असे सांगेन. लहानपणापासून आकाशाची ओढ, लोकांना भेटण्याची आवड, नव्या संस्कृती जाणून घेण्याची इच्छा, आणि सुरुवातीला 'पूर्वेचे ऑक्सफर्ड समजल्या जाणाऱ्या पुण्याची' असा उल्लेख. लातूर, अकलूज आणि चिपळूणच्या मुलींनाही तेच वाक्य पाठ करायला लावले होते. वॉक-इनच्या दिवशी रांगेत उभी असताना माझ्या पुढे आणि मागे, वेगवेगळ्या शहरांतील वेगवेगळ्या वर्गांतून आलेल्या मुली, हाच परिच्छेद पुटपुटत होत्या. फक्त शहराचे नाव आणि बिरुद बदलत होते. दिवसभरात शेकडो ओळखी ऐकणाऱ्या माणसाचे लक्ष असल्या परिच्छेदाच्या दुसऱ्या वाक्यालाच उडते. मॉक मुलाखतींच्या प्रशिक्षिकेने माझ्याकडून हा मजकूर काढून टाकून हॉटेलातील एक प्रसंग सांगायला लावला: मध्यरात्री पोहोचलेल्या कुटुंबाची खोली दुसऱ्याला दिली गेली होती, तेव्हा मी काय केले. पुढच्या मुलाखतीत अधिकाऱ्याने त्या प्रसंगावरच पुढचे तीन-चार प्रश्न विचारले आणि बोलणे ओघात चालू राहिले.

आता मॉक मुलाखतींविषयी. या घेणाऱ्या प्रशिक्षिकेने स्वतः अनेक वर्षे केबिन क्रू म्हणून काम केले होते, आणि वर्गातील इतर शिक्षक व ती यांच्यातील अंतर पहिल्याच तासाला कळले. खोलीत टेबल, दोन खुर्च्या, कॅमेरा आणि बाजूला बसलेली बॅच. सुरुवातीला ती 'तुम्ही' म्हणत असे, पण उत्तर पोकळ वाटले की लगेच 'तू'वर येत असे, आणि त्या बदलाची आम्ही सर्वांनीच धास्ती घेतली होती. एक नमुना देते. अहिल्यानगरच्या एका मुलीला तिने विचारले, "शाकाहारी जेवण संपले आहे आणि चौदाव्या रांगेतले आजोबा सकाळपासून उपाशी आहेत. काय कराल?"

"मी त्यांची माफी मागेन आणि त्यांना फळे देईन, मॅम."

"फळे कुठून आणलीस?"

"बिझनेस क्लासमधून."

"या विमानात बिझनेस क्लास आहे, हे तुला कोणी सांगितले?"

सगळा वर्ग हसला. पण त्यानंतरची पंधरा मिनिटे मला या वर्गाची सर्वांत मोलाची वाटतात. कंपनी कोणती, विमान कोणते, त्यात जेवण तिकिटाबरोबर मिळते की विकत घ्यावे लागते, हे ठाऊक नसताना दिलेले प्रत्येक उत्तर हवेतले असते, हे तिने समजावून सांगितले. मग क्रम लावून दिला. आधी प्रवाशाचे म्हणणे पूर्ण ऐकायचे. त्यांना मधुमेहासारखा त्रास आहे का, हे विचारायचे, कारण मग प्रश्न जेवणाचा राहत नाही, प्रकृतीचा होतो. नंतर आपल्या आणि विमानाच्या दुसऱ्या टोकाच्या ट्रॉलीत प्रत्यक्ष काय शिल्लक आहे ते पाहायचे, लेबल वाचून जे खरोखर शाकाहारी आहे तेवढेच पुढे करायचे, सीनियरला कळवायचे, आणि जे हातात नाही त्याचे आश्वासन द्यायचे नाही. "आणते" म्हणून गेलेली आणि परत न आलेली क्रू ही "नाही" म्हणणाऱ्या क्रूपेक्षा जास्त तक्रारी ओढवून घेते, हे तिचे वाक्य मी जसेच्या तसे लिहून ठेवले आहे.

दुसरा प्रश्न आमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकीला अडवून गेला. उड्डाणापूर्वी सहकाऱ्याच्या तोंडाला मद्याचा वास येतो आहे, काय कराल? बहुतेक उत्तरे एकाच सुराची होती: तिला बाजूला घेईन, पाणी देईन, समजावेन, आजच्या दिवस सांभाळून घेईन. प्रशिक्षिकेने सांगितले की या प्रश्नात सांभाळून घेण्याला जागाच नाही. भारतातील नियमांनुसार उड्डाणापूर्वीच्या १२ तासांत क्रूने मद्य घेता कामा नये आणि त्यासाठी श्वासचाचणीची व्यवस्था आहे. लपवणारी सहकारी त्यात स्वतःही अडकते. तेव्हा वरिष्ठाला लगेच सांगणे हेच उत्तर. घरात आणि हॉटेलात वर्षानुवर्षे ज्या गुणाबद्दल आपले कौतुक होते तो गुण येथे तोट्याचा ठरू शकतो, हे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नव्हते.

कॅमेऱ्यातील चित्रण नंतर आवाज बंद करून दाखवले जात असे, हीसुद्धा चांगली पद्धत होती. मी उत्तर शोधताना खाली टेबलाकडे पाहते आणि उजव्या पायाचा अंगठा बुटात सतत हलवते, हे मला त्याशिवाय कधी कळले नसते. तक्रार एवढीच की प्रत्येकीच्या वाट्याला अशा मुलाखती फार थोड्या आल्या. पहिल्या दोन आठवड्यांतील लिपस्टिकचे तास कमी करून त्या वाढवता आल्या असत्या.

गटकार्याच्या तयारीविषयी थोडक्यात. कागदाचे मनोरे, बुडत्या जहाजावरून कोणाला वाचवायचे असल्या नेहमीच्या खेळांचा सराव झाला. गप्प बसलेल्या सहभागी व्यक्तीला नावाने बोलावून तिचे मत विचारावे, म्हणजे निरीक्षकांवर छाप पडते, अशी युक्ती शिकवली होती. प्रत्यक्ष वॉक-इनमध्ये मात्र गटातील चारपाच जणी अशाच कुठल्या ना कुठल्या वर्गातून आलेल्या होत्या; त्या सगळ्या एकाच बिचाऱ्या मुलीला आळीपाळीने "तुझे मत काय?" विचारू लागल्या आणि ती रडकुंडीला आली. युक्ती सर्वांना माहीत झाली की ती युक्ती राहत नाही. निरीक्षकांनी पुढच्या फेरीला जिला घेतले ती शांतपणे वेळ पाहत होती आणि शेवटची दोन मिनिटे उरली असताना तिने सर्वांना निर्णयाकडे वळवले होते.

सुरक्षिततेच्या भागात हा वर्ग सर्वांत कच्चा पडला. मान्य आहे की जीवनरक्षक जाकीट, ऑक्सिजन, आग, आपत्कालीन दरवाजे यांचे खरे प्रशिक्षण विमान कंपनी निवडीनंतर स्वतःच देते आणि ते उत्तीर्ण झाल्याशिवाय उड्डाण मिळत नाही. मुलाखतीत तांत्रिक माहितीची अपेक्षा नसते. परंतु हे काम मुळात कशासाठी आहे, याची समज अपेक्षित असते. केबिन क्रूची संख्या चहा देण्याच्या सोयीवरून ठरत नाही. ती आसनसंख्येवरून, साधारणपणे दर ५० आसनांमागे एक या हिशेबाने ठरते, म्हणूनच १८० आसनांच्या ए-३२० विमानात किमान चार जणी असतात. मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता मिळण्यासाठी निम्मेच दरवाजे वापरून ९० सेकंदांत सर्वांना बाहेर काढता येते, हे दाखवावे लागते. मला अंतिम फेरीत "तुमचे पहिले कर्तव्य कोणते?" असा सरळ प्रश्न विचारला गेला. संस्थेच्या पुस्तिकेतील छापील उत्तर 'हसतमुखाने स्वागत करणे' असे होते.

या विषयासाठी एक तास जरी ठेवला असता तरी २ जानेवारी २०२४ ची टोकियोच्या हानेदा विमानतळावरील घटना पुरेशी होती. साप्पोरोहून आलेले जपान एअरलाइन्सचे ए-३५० विमान धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. तटरक्षक विमानातील पाच जणांचा मृत्यू झाला; पण जपान एअरलाइन्सच्या विमानातील ३६७ प्रवासी आणि १२ कर्मचारी, असे सर्वच्या सर्व ३७९ जण बाहेर पडले. ध्वनिक्षेपण यंत्रणा बंद पडल्यामुळे क्रूने मेगाफोन आणि स्वतःचा आवाज वापरला, बाहेरची आग पाहून आठपैकी तीनच दरवाजे वापरात आणले, आणि सामान न घेता उतरण्याची सूचना प्रवाशांनी पाळली. उच्चार आणि आवाजाच्या तालमीचा खरा उपयोग कोठे होतो हे यातून एका मिनिटात पटते. वर्गात त्याऐवजी 'तुमचा आदर्श कोण?' या प्रश्नासाठी नीरजा भनोत यांचे नाव पाठ करून घेतले गेले. नाव योग्यच आहे. पण ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत, त्या ज्या क्रूमध्ये होत्या त्या पॅन अ‍ॅम कंपनीच्या विमानाचे अपहरण होत असताना, केबिन क्रूने कॉकपिटला वेळेत सावध केल्यामुळे वैमानिक बाहेर पडले आणि अपहरणकर्त्यांना विमान उडवता आले नाही, अमेरिकन प्रवाशांचे पासपोर्ट लपवले गेले, हे तपशील माहीत असलेली मुलगी आमच्या बॅचमध्ये शोधून सापडली नसती. 'धाडसी होत्या, अशोकचक्र मिळाले' एवढ्यावर उत्तर थांबले की पुढचा प्रश्न येतोच.

आखाती कंपन्यांच्या मुलाखतींवर एक वेगळे सत्र होते आणि त्याचे शुल्क वेगळे आकारले गेले. माझ्या मते ते घेण्याची गरज नाही. एमिरेट्सला किमान वय २१ आणि उंची १६० सेंटिमीटर लागते. टाचा उंचावून हात २१२ सेंटिमीटरपर्यंत पोहोचावा लागतो, कारण वरच्या कप्प्यांतील आपत्कालीन साहित्य काढता आले पाहिजे. आणि ग्राहकसेवेचा अनुभव मागितला जातो. ही सर्व माहिती कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींना या सत्रात बसवून घेणे मला योग्य वाटले नाही.

याउलट पालकांसाठी ठेवलेली बैठक मला अनपेक्षितपणे चांगली वाटली. रात्री-अपरात्रीची ड्युटी, दुसऱ्या शहरात बेस (म्हणजे नेमणुकीचे ठिकाण), सणावाराला घरी नसणे, यांविषयी माजी क्रू असलेल्या प्रशिक्षिकेने काहीही साखर न लावता सांगितले. एका वडिलांनी उभे राहून लग्नानंतर नोकरी सोडावी लागते का, असे विचारले. तिने त्यांना जुना इतिहास सांगितला: एअर इंडियात एके काळी सेवेच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास, पहिल्या गरोदरपणात किंवा वयाच्या ३५ व्या वर्षी नोकरी संपत असे, नर्गिश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये त्यातील गरोदरपणाची अट रद्द केली, चार वर्षांची अट मात्र तेव्हा कायम राहिली. पुढे ती म्हणाली की आजच्या अटी प्रत्येक कंपनीच्या जाहिरातीत आणि करारात असतात, त्या मुलीबरोबर बसून तुम्हीही वाचा. माझ्या आईने घरी येताना बसमध्ये पहिल्यांदाच पगाराशिवाय दुसरा प्रश्न विचारला: बेस कोणता मिळेल हे आपल्याला निवडता येते का. मुलाखतीत 'कोठेही राहायला तयार आहात का?' हा प्रश्न हमखास येतो, आणि घरात हे बोलणे आधी झालेले असले तर उत्तर देताना आवाज डळमळत नाही.

प्लेसमेंट साहाय्य म्हणजे प्रत्यक्षात एक व्हॉट्सअ‍ॅप गट निघाला. त्यावर विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवरील वॉक-इनच्या तारखा चिकटवल्या जात, त्याही कधी कधी एक दिवस उशिरा. संस्थेचे कोणत्याही कंपनीशी निवडीसंबंधी संधान असल्याचे मला आढळले नाही, आणि ते असू शकते असेही वाटत नाही. विमान कंपन्या भरतीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत, हे त्या स्वतःच जाहीरपणे वारंवार बजावतात. 'आतून सोय' करून देण्यासाठी, नोंदणीसाठी किंवा गणवेशाच्या अनामतीसाठी कोणी रक्कम मागितली तर तेथून सरळ उठावे. आमच्या गटावर असा एक संदेश बाहेरच्या क्रमांकावरून आला होता आणि गट चालवणाऱ्यांनी तो दोन दिवस तसाच राहू दिला.

माझ्यापुरते सांगायचे तर पहिल्या कंपनीने अंतिम फेरीनंतर नकार कळवला आणि दुसऱ्या ठिकाणी निवड होऊन सध्या वैद्यकीय तपासणी सुरू आहे. या निवडीत वर्गाचा वाटा मी मॉक मुलाखती आणि उच्चारांपुरताच मानते. उरलेले हॉटेलातील नोकरीने शिकवले. ज्यांना इंग्रजीत सलग पाच मिनिटे बोलता येते आणि ग्राहकसेवेचा अनुभव आहे, त्यांनी पूर्ण वर्ग न घेता केवळ मॉक मुलाखतींचे पॅकेज मिळते का, हे विचारावे. आमच्या संस्थेत ते जाहिरातीत नाही, पण आग्रह धरल्यावर बारा हजारांत दिले जाते, असे नंतर कळले. मराठी माध्यमातून थेट बारावीनंतर येणाऱ्या मुलींना पूर्ण वर्गाचा उपयोग होईल, मात्र त्यांनी विमानतळांचे सांकेतिक शब्द, जसे पुण्याचा पीएनक्यू, छत्रपती संभाजीनगरचा आयएक्सयू, गोव्यातील दाभोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स, तसेच चोवीस तासांची वेळ सांगण्याची पद्धत, हे पाठांतर घरीच उरकावे. त्यासाठी वर्गातले तास वाया घालवू नयेत.

शनिवार-रविवारची बॅच नोकरी करणाऱ्यांना सोयीची आहे, परंतु तिला माजी क्रू असलेली प्रशिक्षिका मिळेलच असे नाही. मॉक मुलाखती कोण घेणार, हे प्रवेशापूर्वी नावानिशी विचारून घ्यावे. शुल्क एकरकमी भरू नये, हप्ते मागितल्यावर मिळतात. आणि पहिला हप्ता देण्याआधी समुपदेशकाच्या खोलीतच अनवाणी उभे राहून उंची मोजून घ्यावी, ती अर्जावर लिहून त्यांची सही घ्यावी, आणि अपात्र ठरल्यास परताव्याचे काय, हे त्याच कागदावर लिहून मागावे. टेप त्यांच्याकडे नसेल तर आपली न्यावी.